दुःखाच्या घरातून निघताना

मंदा गेल्याचं मला ती शेवटी जिथे राहत होती, तिथल्याच एका बाईने फोन करून कळवलंन. मे महिन्यातली दुपार होती, मी मागच्या अंगणात आमसुलं वाळत घालत बसले होते, हात कोपरापर्यंत लाल... फोन कसाबसा दोन बोटांत धरला, तर पलीकडून इतका गोड आवाज, की मला वाटलं कुठल्यातरी बँकेतून बोलतायत. "सुनंदाताई ना? मंदाताई विसावल्या हं." मी म्हटलं, "कुठे विसावल्या?" माझ्या डोक्यात खरंच असं आलं, की बाई चालून थकली असेल, बसली असेल कुठल्यातरी पारावर. मग तोच आवाज, तितकाच गोड, "सकाळी. अगदी शांतपणे." तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मेल्यांनो, माणूस मेलं तर मेलं म्हणा की! इतक्या वर्षांची माझी मैत्रीण, तिच्या मरणाला सरळ नावसुद्धा देता येऊ नये तुम्हांला? मी त्या बाईला काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. ती मात्र शेवटपर्यंत "हं ताई, हं ताई" करत ऐकत राहिली. समोरचा कितीही ओरडला तरी ऐकून घ्यायचं, हे त्यांना तिथे शिकवतात म्हणे.

मंदाची नि माझी ओळख भुतांनी करून दिली. रत्नागिरीच्या बाजारपेठेत आमची कॅसेट लायब्ररी होती. आधी व्हिडिओ कॅसेटी, मग सीड्या, आता त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. माझ्या नवऱ्याला जेवल्यावर आडवं व्हायची सवय, त्यामुळे दुपारी दुकानात मी. बाकीच्या बायका सासू-सुनांचे रडके पिक्चर न्यायच्या. ही एक उंच, सावळी, अंबाड्यावर अबोलीची भलीमोठी वेणी माळलेली बाई यायची आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून विचारायची, "भुताचं काय नवीन आलंय?" तिचा नवरा दिगंबर मिरकरवाड्याच्या बंदरातला तांडेल, म्हणजे मच्छीमार लाँचीवरचा कप्तान. एकदा समुद्रात गेला की दिवस दिवस परत नाही. ही मिरजोळ्याला एमआयडीसीत मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलायला. एकदा मी विचारलं, "अगो, एवढी भुतं बघून तुला झोप कशी लागते?" तर म्हणाली, "वहिनी, दिवसभर बर्फात हात घातल्यावर मला दुसऱ्या कशाने ऊब येत नाही. घाबरले की येते."

पुढे दुकान बंद झालं, माझा नवरा गेला, पण आमचा रविवार मात्र कायम राहिला. रविवारी दुपारी मी तिच्याकडे जायची. चिऱ्याचं लहानसं घर, पुढच्या खोलीत टीव्ही आणि दोन खुर्च्या. तिची निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली, लोखंडी. माझी लाकडी, हाताची. मला भुताचे पिक्चर कधी आवडले नाहीत, खोटं कशाला सांगू, मी मंदा बघायला जायची. भीतीचं काही आलं की ती दोन्ही पाय वर घेऊन त्या निळ्या खुर्चीत बसायची आणि पडद्यावरच्या बाईला हातवारे करून ओरडायची, "निघ गो तिथून! चपला घाल आणि निघ! बघा, मेलीने परत दार उघडलंन!" आतल्या खोलीत तिची लेक केतकी अभ्यास करत असायची. ती ओरडायची, "आई, शेजारी ऐकतायत!" की मंदाचं उत्तर ठरलेलं, "ऐकू देत. त्यांनाही कळू दे कधी निघायचं ते."

भुतांमध्येही मंदाची आवड ठरलेली होती. नुसती पांढऱ्या साडीतली बाई, झाडावरचं काहीतरी, असलं तिला पोरकट वाटायचं. तिला आवडायचे ते पंथांचे पिक्चर. म्हणजे कुणीतरी एकटं माणूस असतं, त्याच्या घरचं कुणी गेलेलं असतं, आणि मग त्याला कुठल्यातरी आडगावात काही मंडळी भेटतात. सगळे हसतमुख, सगळे एकसारखे कपडे घातलेले. तिच्याजवळ त्याचं एक गणितच होतं. "पहिली दहा मिनिटं बघायची," म्हणायची, "कोण मेलं ते नाही, कोण रडतंय ते बघायचं. जे रडतंय आणि ज्याच्या शेजारी कुणी बसलेलं नाही, तेच पुढे सापडणार." आणि दर वेळी तिचं बरोबर यायचं. मी हिंदी म्हणू नका, इंग्रजी म्हणू नका, कुठल्या कुठल्या देशांचे पिक्चर तिच्याबरोबर बघितले, खाली लिहिलेलं वाचता वाचता माझे डोळे गेले, पण तिचं गणित कधी चुकलं नाही. खुशीत आली की माझ्या गुडघ्यावर थाप मारायची, "बघ! सांगितलं नव्हतं?"

पण त्या पिक्चरवाल्यांवर तिचा रागही होता. म्हणायची, "घाई करतात मेले. अर्ध्या तासात मुखवटे घालतात. तळघर काय, लाल दिवे काय, पाठीमागून ते कुंई कुंई वाजवणं काय! अगो, मुखवटे बघितल्यावर कोण थांबेल तिथे? मुखवट्याआधी काय झालं, ते दाखवा की. त्या बाईला तिथे आवडलं कसं, ते दाखवा." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता वाटतं, कोळंबी सोलणाऱ्या त्या बाईला त्या सगळ्या पिक्चरांतली नेमकी फट दिसली होती. त्यांना आपल्याला घाबरवायचं असतं, म्हणून ते वाईट माणूस लांबून ओळखू येईल असं दाखवतात. आणि आपण घरी येऊन दाराला कडी लावतो ती मुखवटेवाल्यांसाठी. डबा घेऊन आलेल्या माणसाला आपण पाट मांडतो.

केतकी तापाने गेली. कोल्हापूरला नर्सिंग शिकत होती, सुट्टीत आली, ताप आला, इथल्या डॉक्टरांनी पुढे न्यायला सांगितलं आणि नेता नेता वाटेतच... दुसऱ्यांच्या तापाला पट्ट्या ठेवायला शिकणारी पोर. मंदा रडली नाही, हे मला अजून भीतीदायक वाटतं. पुढच्या खोलीत निळ्या खुर्चीत बसून राहिली, पाय खाली सोडून. सगळा वाडा लोटला होता भेटायला. आपल्याकडची रीत तुम्हांला माहीत आहे. दुःखाच्या घरी भेटायला गेलेल्या माणसाने निघताना "येते" म्हणायचं नाही. एरवी आपण "जाते" म्हणत नाही, "येते"च म्हणतो, पण तिथे नाही. म्हटलं तर असाच प्रसंग घेऊन पुन्हा यावं लागेल, अशी भीती. मग काय करायचं, तर मुकाट्याने उठायचं, पदर सावरायचा आणि चालू लागायचं. आणखी एक, आईसमोर गेलेल्या पोराचं नाव काढायचं नाही. सगळ्यांनी सगळं पाळलंनी. मीही पाळलं. माणसं यायची, बसायची, खाली बघायची, मग न बोलता उठून जायची. तेरावं झालं, हंगाम भरात होता, दिगूभावजी लाँच घेऊन गेले. जावंच लागतं, खलाशांची घरं त्यांच्यावर. आणि घरात राहिली मंदा.

मी जात नव्हते असं नाही हं. मी जायची. दर रविवारी, कधी मधल्या वारीही. पण दुःख वर्षाचं असतं, त्यामुळे निघताना वर्षभर तोंड मिटून. केतकी हा शब्द माझ्या तोंडून एकदाही गेला नाही, की मंदाला त्रास होईल. आम्ही दोघी भाजी निवडत बसायचो आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं.

एके दिवशी गेले तर पुढच्या खोलीत दोन परकी माणसं. एक चाळिशीची बाई, साध्या सुती साडीतली, आणि एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस दिसावा तसे. बाईच्या पुढ्यात डबा, त्यात मऊ आटवल भात, तूप, मेतकूट, वर भाजलेला पोह्याचा पापड. आजारी माणसाला आई भरवते ना, तसं जेवण. आणि मंदा खात होती! महिनाभर मी मासळी घे, नको तर पिठी घे, घोटभर पेज तरी घे म्हणून पाया पडत होते, ती माझ्याकडे बघतही नव्हती... आणि इथे खात होती, आणि खाता खाता बोलत होती. केतकी लहानपणी कशी बोबडं बोलायची, ते. त्या बाईने विचारलं, "मग पुढे काय म्हणाली केतकी?" असं सरळ नाव घेऊन. मी दारातच उभी राहिले. नंतर ते दोघे निघाले. गृहस्थांनी चपला घालता घालता मागे वळून म्हटलंनी, "उद्या येतो हां, मंदाताई." दुःखाच्या घरात येतो म्हणतात? रीतभात काही आहे की नाही? मी तसं मंदाला म्हटलंही. ती डबा धूत होती. म्हणाली, "म्हणाले खरे. बघू येतात का."

दुसऱ्या दिवशी ते आले. तिसऱ्या दिवशीही आले.

त्या माणसाला सगळे काका म्हणायचे. आरे-वारेच्या पुढे, रस्त्यापासून आत, कातळावर त्यांची आंब्याची बाग आणि बागेत बैठं घर. त्या जागेला नाव नाही, पाटी नाही. ते लोक नुसतं "घर" म्हणतात. "घरी चला," "घरी सगळे आठवण काढतात," असं. मंदा आधी महिन्यातून एकदा जायची, मग आठवड्यातून, मग रविवारीही जायला लागली. एका रविवारी मात्र आली माझ्याकडे आपण होऊन. म्हणाली, "चल, लाव काहीतरी भुताचं. रडण्याचा आवाज जरा टीव्हीतून येऊ दे." मला इतका आनंद झाला सांगू! आम्ही तिच्याच घरी गेलो, तिच्याच खुर्च्यांत बसलो. पिक्चर नेहमीचाच. मूल गेलेली एक बाई, लांबचं एक शेत, तिथली हसरी माणसं. मी वाट बघत होते, आता ही पाय वर घेईल, आता ओरडेल. पण मंदा गप्प. पडद्यावर त्या माणसांनी त्या बाईला मध्ये बसवून तिच्या ताटात वाढलं. मंदा हळूच म्हणाली, "बघ, तिला खायला घालतायत." मी म्हटलं, "अगो, पुढे जाळणार आहेत तिला! तुझंच गणित ना?" तर म्हणाली, "ते शेवटचं खोटं असतं, वहिनी. पिक्चर संपवायला काहीतरी लागतं म्हणून घालतात." आणि शेवट न बघता उठून भांडी घासायला गेली.

त्यानंतर ती त्या पुढच्या खोलीत माझ्याबरोबर बसली नाही. कंपनीतली नोकरी सोडलीन. भावजी समुद्रावरून आले की चार दिवस घरी यायची, ते गेले की पुन्हा तिकडे, आणि मग ते आले तरी येईना. भावजींनी आरडाओरडा केला, गेटाशी जाऊन शिव्या दिल्या, मग त्यांचंही बळ सरलं. त्यांनी काय करावं? पोर गेलेली, बायको जिवंत असून घरात नाही. मला म्हणायचे, "वहिनी, तुमचं ऐकेल ती." मंदाला साखरेचा आजार. रोज दोन वेळा इंजेक्शन, ते तिचं ती घ्यायची. माझा जीव सगळा तिथे अडकलेला. म्हणून शेवटी उठले आणि एका दुपारी रिक्षा करून गेले त्यांच्या त्या घरी.

काय सांगू, मी किती तयारीने गेले होते! भांडायचं, हाताला धरून ओढून आणायचं, कुणी आडवं आलं तर बोंब मारायची. इतके पिक्चर बघितलेले, डोक्यात ते उंच फाटक, कुत्री, खिडकीतून बघणारी डोकी. तर जांभ्याचा कमरेएवढा गडगा, गेट सताड उघडं. आत झाडलेलं अंगण. बायका फणसाचे गरे काढत बसलेल्या, हातांना तेल लावून, एकमेकींना चिडवत, हसत. कुणी अडवलं नाही. काका स्वतः उठून आले. "सुनंदाताई, तुम्ही यायच्याच होतात कधीतरी. आधी जेवा." माझं नाव त्यांना ठाऊक होतं, माझा नवरा कधी गेला ते ठाऊक होतं. शेजारी बसून विचारलंनी, "घरी जेवताना तुम्ही रेडिओ लावता का हो? एकटं माणूस लावतं." मी लावते. आजवर मला हे कुणी विचारलेलं नाही, माझ्या मुलानेही नाही. जेवण चांगलं होतं. मला तिथे बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण "आम्ही नसतो बाई फसलो असल्यांना" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात मला. मी, भांडायला गेलेली बाई, दुसऱ्यांदा भात घेतला.

मंदा पडवीत भेटली. पायांवर सूज, तोंड उतरलेलं, पण डोळे शांत. केसांत अबोली नव्हती. पाय अनवाणी. तिथे चपला आल्याआल्या काढून आत ठेवतात, परत निघताना मागून घ्यायच्या. मी विचारलं, "इंजेक्शन घेतेस ना?" तिने नुसती मान हलवलीन, हो की नाही कळेना. मी म्हटलं, "मंदा, खरं सांग. त्यांनी बंद करायला लावलं का?"

"नाही गो. असं कोण सांगेल?" म्हणाली. "काकांनी फक्त विचारलं. इंजेक्शन घेताना म्हणाले, मंदाताई, हे कुणासाठी घेता? मला उत्तर येईना. रोज विचारायचे, रोज मला येईना. मग मीच ठेवून दिलं."

मला इतका संताप आला, की मी तिथेच ओरडले, "माझ्यासाठी घे ना, मेले! मी काय मेलेय का?" गरे काढणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. मंदा हसली, पूर्वीसारखी, अगदी दात दिसेपर्यंत. मी तिचा हात धरला. म्हटलं, "निघ गो इथून. चपला घाल आणि निघ. तूच शिकवलंस ना जगाला?" तिने हात सोडवून घेतला नाही. बराच वेळ माझ्या हातात तो तसाच होता, बर्फातून काढल्यासारखा गार. मग म्हणाली, "वहिनी, तू रागावू नको. पण पिक्चरातल्या त्या बाईला आपण निघ निघ म्हणतो... निघून जायचं कुठे, ते कधी सांगितलं का आपण तिला? घरी गेले की पुन्हा सगळे खाली बघणार. माझ्या पोरीचं नाव गिळणार. ही माणसं येतो म्हणाली आणि आली. त्यांनी केतकीचं नाव घेतलंनी. मला एवढंच हवं होतं गो." मी तिच्याजवळ केतकीचं नाव काढायचा प्रयत्न केला, तेव्हा, तिथेच. इतके दिवस न उच्चारलेलं नाव. पण तोंडातून आवाज यायच्या आत ती सुती साडीतली बाई आली आणि मंदाला औषधाची वेळ झाल्यासारखं हळुवार उठवून आत घेऊन गेली. मी मागून ओरडले, "मंदा, येते गं परत!" आणि गेले परत. तेव्हा सांगितलंनी, ताई मौनात आहेत. पुन्हा गेले. ताईंची भेटायची इच्छा नाही. गेट तेव्हाही सताड उघडंच होतं, हसून सांगत होते सगळे. पोलिसांत जाऊन आलो भावजी नि मी. त्यांचंही काय चुकलं, सज्ञान बाई, आपल्या पायांनी गेलेली, कुणी डांबलेलं नाही. तक्रार काय लिहून घेणार ते?

शेवटी तिला हॉस्पिटलात नेलंनी, पण तोवर डॉक्टरांनी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भावजींची लाँच समुद्रात होती. ते आले तेव्हा मंदा आपल्या घरी, पुढच्या खोलीत होती, चादरीखाली. ती माणसं तिथेही होती. सगळं व्यवस्थित करत होती, पाणी देत होती, चटया अंथरत होती. त्यांना घराबाहेर काढायचं त्राण कुणातच नव्हतं.

पावसाळ्याच्या या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते. लाँच किनाऱ्यावर ओढून, ताडपत्री घालून ठेवलेली. तांडेल माणूस दिवसभर घरात, एकटा, त्या दोन खुर्च्यांकडे बघत. तेरावं झालं नि लोकांचं येणं थांबलं, रीतीप्रमाणे. परवा दुपारी मी गेले, तर आतून तो ओळखीचा गोड आवाज. सुती साडीतली बाई आणि काका. स्टुलावर डबा, आटवल भात, पोह्याचा पापड. भावजी पुढे वाकून ऐकत होते, जसं लहान पोर गोष्ट ऐकतं तसं. बाई सांगत होती, "मंदाताई तुमचं नाव रोज काढायच्या. एकदा पाऊस लागला होता, तेव्हा पडवीत बसून म्हणाल्या..." आणि थांबली. "बाकीचं उद्या सांगते हं, तुम्ही थकलात." भावजींचा चेहरा असा झाला, की मला बघवेना. मंदाचे शेवटचे दिवस त्यांच्याजवळ आहेत, आमच्याजवळ नाहीत. तेच ते आता घासाघासाने वाढणार या माणसाला. काका चपला घालताना म्हणाले, "उद्या येतो हां, दिगूभाऊ." इतके पिक्चर बघितले, पण भीती म्हणजे काय ते मला त्या वाक्याला कळलं.

ते गेल्यावर भावजी म्हणाले, "वाईट नाहीत वहिनी माणसं. तिची आठवण काढतात. बाकी कोण काढतं?"

रात्रभर मी त्या "बाकी कोण काढतं"वर कुढत होते. मग काल त्यांच्या आधी जाऊन बसले. माझ्या लाकडी खुर्चीत नाही, मंदाच्या निळ्या खुर्चीत, पाय वर घेऊन. गुडघे दुखतात माझे, पण घेतले. ती दोघं आली, बाईची नजर त्या खुर्चीकडे गेली, खुर्ची रिकामी नव्हती. मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. भावजींना म्हटलं, "तुम्हांला मंदाने कधी सांगितलं का हो, केतकी पोटात असताना तिने आमच्या दुकानात काय धुमाकूळ घातला होता तो?" केतकीचं नाव ऐकून भावजींनी मान वर केलीनी. "तुम्ही समुद्रावर होतात. ही सातव्या महिन्याची, आणि भुताचा पिक्चर मागतेय! माझा नवरा म्हणाला, ताई, गरोदर बाईला मी भुताचा देणार नाही. तर ही काउंटरच्या आत घुसली..." मी सांगत गेले. मंदाचे आवाज काढले, तिचे हातवारे केले. काका हसत ऐकत होते, त्यांना ऐकायला येतंच. डबा स्टुलावर निवत होता. भावजी एकदा हसले, मग रडायला लागले, मोठ्याने, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि रडता रडता म्हणाले, "मग? मग दिलात का तिला पिक्चर?"

मी त्या निळ्या खुर्चीतून उठले. पदर खोचला. माझ्याजवळ मंदाच्या इतक्या वर्षांच्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्याजवळ जेमतेम शेवटचे काही महिने. पण त्यांच्याकडून एक मात्र मी शिकलेय. म्हटलं, "ते उद्या सांगते."

दारात शेजारच्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. काका चपला शोधत होते, बोलायला तोंड उघडणार, त्यांच्या आधी मी उंबऱ्यात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "येते हं, भावजी."

एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो सुनंदा, दुःखाच्या घरात येते म्हणतेस?"

"हो," म्हटलं, "म्हणते. आणि येते."